उन्हावर जगणारा शिंपला

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि शहादा-तळोद्याच्या काळ्या शिवाराला धरून तापी. दोघीही पश्चिमेला जातात आणि खंभातच्या आखाताला मिळतात. जाताना त्या आणि त्यांच्यासारख्या इतर नद्या इतका गाळ ओततात, आणि आखातातली भरती-ओहोटी तो गाळ असा काही घुसळते, की तिथलं पाणी बारा महिने मातकट असतं. नंदुरबारकराला सगळ्यात जवळचा समुद्र हाच. सुरतेकडचा, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. या पाण्यात ऊन फार खोल शिरत नाही, आणि जिथे ऊन शिरत नाही तिथे महाशिंपला जगत नाही.

हा प्राणी पाहायचा तर लक्षद्वीप किंवा अंदमान-निकोबार गाठावं लागतं. लक्षद्वीपमधल्या अगत्ती किंवा कवरत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्रात, जेमतेम कमरेएवढ्या नितळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकात रुतलेली एक नागमोडी फट दिसते. फटीच्या दोन्ही कडांवरून निळी, जांभळी, हिरवी, कधी सोनेरी ठिपक्यांची मांसल झालर बाहेर पसरलेली असते. तिच्यावर हाताची सावली पडली, की ती झटक्यात आत ओढली जाते. झालरीच्या काठाने शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना आकार नीट दिसत नाहीत, पण उजेड आणि अंधार कळतो, आणि वरून कुणी आलं एवढं समजायला तेवढं पुरतं.

अलीकडे हीच झालर मोबाइलच्या पडद्यावर दिसते. निळ्या एलईडीखाली चमकणाऱ्या, घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे व्हिडिओ गावोगावी पाहिले जातात. शोभेच्या माशांचा शौक नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या गावांना नवा नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश, मग अँजल, मग डिस्कस अशी पायरी चढत गेलेल्या माणसाला पुढची पायरी खाऱ्या पाण्याची वाटते, आणि खाऱ्या पाण्यातल्या शौकाचं टोक म्हणजे जिवंत प्रवाळ आणि महाशिंपला. त्या टोकाला जायला काय लागतं, हे कुणीतरी सरळ सांगायला हवं. कारण दुकानात ते सहसा कुणी सांगत नाही, आणि त्याची किंमत तो मुका जीव मोजतो.

आधी या जीवाची रीत समजून घेऊ. तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्याच गोतावळ्यातला हा दोन शिंपांचा प्राणी. बाकीचे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात. महाशिंपलाही पाणी गाळतो, पण त्याचं खरं पोट भरतं ते उन्हावर. झालरीच्या आत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात एकपेशीय शैवालाची कोट्यवधींची वस्ती असते. शैवाल उन्हात साखर तयार करतं, तिचा मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. बदल्यात शिंपला त्याला निवारा देतो आणि आपल्या शरीरातला अमोनियासारखा टाकाऊ माल खत म्हणून पुरवतो. प्रवाळही असाच जगतो, पण महाशिंपल्याने ही व्यवस्था फार पुढे नेली आहे. त्याचे ते झगझगीत रंग शोभेसाठी नाहीत. झालरीत चमकदार पेशी असतात. त्या प्रखर ऊन पसरवून खाली थरांनी रचलेल्या शैवालापर्यंत पोचवतात, शैवालाला उपयोगी लाल-निळा उजेड आत सोडतात आणि नको असलेला परतवतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. उन्हाने होरपळू नये आणि तरी ते वायाही जाऊ नये, अशी ही रचना पाहिली की सौर पॅनेल बनवणाऱ्या अभियंत्यांना तिच्यात रस का वाटला ते कळतं.

या कुळात डझनभर जाती आहेत. खडकात स्वतःला कोरून घेणारी ट्रायडॅक्ना क्रोशिया वीतभरच असते. मॅक्सिमा फूटभर वाढते. खवल्यांसारख्या उभ्या पाकळ्या असलेली स्क्वामोसा चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते, डेरासा त्याहून मोठी होते. आणि ट्रायडॅक्ना जायगस, म्हणजे खरा राक्षसी शिंपला, सव्वा मीटरपर्यंत लांब आणि दोनशे किलोहून जड होऊ शकतो. त्याचं आयुष्य शंभर वर्षांच्या घरात जातं. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवणारा शिंपला जुन्या गोष्टींत भेटतो. प्रत्यक्षात मोठा जायगस इतका सावकाश मिटतो, आणि बऱ्याचदा पूर्ण मिटूच शकत नाही, की अशी एकही घटना पुराव्याने सिद्ध झालेली नाही. उलट माणसाने त्याला मांसासाठी आणि शिंपेसाठी कित्येक बेटांवरून संपवलं.

घरच्या टाकीत तो ठेवायचा, तर पहिली गरज उजेडाची. नंदुरबारला उन्हाची काय कमी, असं कुणालाही वाटेल. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो तेव्हा खिडकीशी ठेवलेली काचेची टाकी दुपारपर्यंत तापून निघते. महाशिंपल्याला चोवीस ते सत्तावीस अंशांचं पाणी मानवतं. तीस ओलांडून ते काही दिवस राहिलं, तर शैवाल आणि शिंपला यांची भागी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं, झालर पांढरी पडू लागते आणि प्राणी उपाशी पडतो. म्हणून उजेड द्यायचा तो एलईडीचा, भरपूर ताकदीचा, आणि तोही एकदम नाही. नव्या शिंपल्याला पहिले दोन-तीन आठवडे कमी उजेडात किंवा टाकीच्या तळाशी ठेवून हळूहळू वाढवत न्यावं लागतं. क्रोशिया आणि मॅक्सिमा यांना सर्वांत तीव्र उजेड लागतो. डेरासा आणि स्क्वामोसा थोड्या कमी उजेडावर भागवतात आणि वाळूवर ठेवल्या तरी चालतात. नवख्याने सुरुवात करायचीच तर डेरासापासून करावी, असं जाणकार सांगतात. मात्र डेरासा झपाट्याने वाढते, आणि काही वर्षांत छोट्या टाकीत तिला जागा पुरत नाही.

तापमानाच्या बाबतीत खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदा आहे, आणि तो मुंबईकराला मिळत नाही. खोलीतला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर टाकीच्या पाण्यावरून पंख्याची हवा सोडली, की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती फिकी पडते. पण हवा कोरडी म्हणजे पाणीही तितक्याच झपाट्याने उडणार, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोजची घट खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर टाकी आठवडाभरात समुद्रापेक्षा खारट होते. घट भरायची ती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने, आणि जमल्यास आपोआप थेंब-थेंब सोडणाऱ्या यंत्राने. क्षारता हजारात पस्तीस भाग, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५ ते १.०२६, इथे कायम राहायला हवी. ऐन मेमध्ये मात्र पंख्यावर निभावत नाही. पाणी थंड करणारं चिलर यंत्र लागतं. ज्याची तयारी त्या खर्चाची आणि त्या वीजबिलाची नाही, त्याने इथेच थांबलेलं बरं.

मग येतं ते शुद्ध पाणी. बोअरचं पाणी जड असतं, शेतातल्या खतांचे नायट्रेट त्यात उतरलेले असू शकतात, आणि नळातला क्लोरीन वेगळाच. घरोघरी आता आरओ असतो, पण त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत चव राखण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारी व्यवस्था असते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर तीस-पन्नासचा आकडा दिसण्याचं ते एक कारण. पिण्यासाठी ते ठीक आहे, प्रवाळाच्या टाकीसाठी नाही. तिथे आरओनंतर रेझिनची आणखी एक नळी लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो आणि मग त्यात समुद्री मिठाचं तयार मिश्रण घालायचं. आणखी एक धोका तांब्याचा. पितळी नळ, तांब्याचा तुकडा पडलेली बादली, किंवा माशांच्या परजीवीसाठी टाकलेलं तांब्याचं औषध, यांतलं काहीही शिंपल्याला मारून टाकायला पुरेसं ठरू शकतं. मासे त्याच पाण्यात पोहत राहतात आणि शिंपला मेलेला असतो.

शिंप वाढते ती चुन्याने. समुद्राच्या लिटरभर पाण्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढता महाशिंपला ते सतत ओढत राहतो, आणि बंद टाकीत ते बाहेरून परत येत नाही. म्हणून कॅल्शियम चारशे ते साडेचारशेच्या दरम्यान, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, आठ ते अकरा डीकेएच ठेवावी लागते. हे रोज नाही तरी आठवड्याला तपासून वहीत लिहून ठेवायचं. या भरपाईचा सगळ्यात जुना आणि साधा उपाय आपल्याकडच्या आजीलाही ठाऊक असलेला आहे: चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळायचं, रात्रभर स्थिर ठेवायचं, वरचं निथळलेलं पाणी काढायचं आणि ते रात्रीच्या वेळी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. खाली बसलेला साका टाकीत जाता कामा नये. पानाच्या टपरीवरचा चुना यासाठी चालत नाही, त्यात काय-काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. आणि निवळी एकदम ओतली तर पाण्याचा सामू उसळून टाकीतलं सगळं दगावू शकतं. निवळीचा सामू बारापेक्षा जास्त असतो.

जी गोष्ट गोड्या पाण्याच्या शौकिनाला सगळ्यात उलटी वाटते ती नायट्रेटची. इतर टाक्यांत पाणी जितकं निर्मळ तितकं चांगलं, हा धडा त्याने वर्षानुवर्षं गिरवलेला असतो. महाशिंपल्याच्या शैवालाला मात्र थोडं नायट्रोजन लागतं. नायट्रेट अगदी शून्यावर आणलेल्या टाकीत शिंपला हळूहळू फिका पडतो आणि वाढ थांबते. नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत, पण शून्य नाही, असं पाणी त्याला मानवतं. अगदी लहान, दोन इंचांच्या आतला शिंपला उजेडाबरोबर पाणी गाळूनही बरंच पोट भरतो. त्याला सूक्ष्म शैवालाचा खुराक देण्याची पद्धत आहे.

विकत घेताना पाहायचं ते झालरीकडे आणि पायाकडे. सावली पडताच झालर चटकन आत गेली पाहिजे. मध्यभागी पांढरटपणा नको, आणि पाणी आत घेणारं तोंड ताणल्यासारखं उघडं नको. तसं तोंड उघडं राहणं हे शिंपला खचल्याचं लक्षण आहे. शिंपल्याच्या तळाशी पायाजवळून रेशमासारखे धागे निघतात आणि तो त्यांनी खडकाला घट्ट धरतो. धरलेला शिंपला हिसका देऊन उपटला, तर धाग्यांबरोबर पायाचं मांस फाटतं आणि काही दिवसांत तो मरतो. धागे ब्लेडने खडकाजवळून कापायचे, नाहीतर खडकासकट उचलायचा. घरी आणल्यावर शिंपेवरच्या खोबणी रात्री टॉर्चने बघायच्या. तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके गोगलगायीसारखे परजीवी दिवसा लपतात आणि अंधारात बाहेर येऊन झालरीत सोंड खुपसून रस पितात. एकाचे शंभर व्हायला त्यांना फार वेळ लागत नाही. म्हणून नवा शिंपला आधी वेगळ्या टाकीत ठेवून, शिंप मऊ ब्रशने घासून, अंडी खरवडून मगच मुख्य टाकीत न्यावा. तिथेही काही समुद्री अँजल आणि बटरफ्लाय मासे त्याची झालर टोचत बसतात. अशा माशांबरोबर तो ठेवू नये.

वीज गेली तर काय, हा प्रश्न अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला विचारायलाच नको. पाणी हलवणारा पंप बंद पडला की काही तासांत प्राणवायू घटतो. टाकी आहे तर एक पंप इन्व्हर्टरवर असायलाच हवा.

आता कायद्याची बाजू, आणि ती या सगळ्या तंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. भारतात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि त्यांच्याच कुळातला हिप्पोपस हिप्पोपस यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. कठीण प्रवाळही त्याच यादीत आले. म्हणजे लक्षद्वीप किंवा अंदमानच्या समुद्रातून कुणी हा प्राणी उचलून आणला, तर तो वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा ठरतो. जिवंत प्राणीच काय, त्याची रिकामी शिंपही बाळगणं गुन्ह्यात येतं. अंदमानला फिरायला गेलेल्या कुटुंबाने वाळूवर सापडली म्हणून पिशवीत टाकलेली मोठी शिंप विमानतळावर अडचणीत आणू शकते. पर्यटकांना हे बऱ्याचदा माहीत नसतं. त्याशिवाय या कुळातल्या सगळ्या जाती १९८०च्या दशकापासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय त्यांची सीमेपलीकडे ने-आण होत नाही. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा सुधारला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो अमलात आला. साइट्सच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदणी करणं त्यात आलं.

म्हणून मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारात किंवा फोनवर कुणी महाशिंपला देऊ केला, तर भाव विचारण्याआधी कागद विचारायचे. परदेशातल्या शेतीत वाढवलेला आहे का, आयातीचा परवाना कुठे आहे, जात कोणती. कागद नसेल तर तो आपल्याच समुद्रातून चोरलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि असा जीव घेणं म्हणजे चोरीला गिऱ्हाईक देणं.

शेतीत वाढवणं शक्य आहे, हे पलाऊने दाखवून दिलं. प्रशांत महासागरातल्या या छोट्या देशात जेराल्ड हेस्लिंगा यांनी १९८०च्या दशकात महाशिंपल्याची मोठ्या प्रमाणावर पैदास करून दाखवली. हा प्राणी उभयलिंगी. आधी शुक्रबीज सोडतो, मग अंडी. मोठा जायगस एका वेळी कोट्यवधी अंडी सोडतो. त्यांतली जवळजवळ सगळी समुद्रात माशांच्या पोटात जातात. टाकीत सांभाळली तर त्याहून जास्त वाचतात. आज जगभरच्या शौकिनांकडे पोचणारे बरेच शिंपले अशा शेतीतून येतात, आणि ज्या बेटांवर तो संपला होता तिथे काही ठिकाणी शेतीतली पिल्लं परत समुद्रात सोडली गेली आहेत.

आपल्याकडे या प्राण्याचं मोल ज्यांनी ओळखलं त्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेले डॉ. दीपक आपटे यांचं नाव पुढे आहे. भारतातल्या शंख-शिंपल्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आलं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लक्षद्वीपच्या बेटांवर पाण्यात उतरून मॅक्सिमाची घनता मोजली, आणि अगत्तीच्या लोकांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम उभं केलं. त्या मोजणीमुळे कोणत्या बेटावर किती शिंपले आहेत याचा आधार मिळाला. पुढे काय घटलं हे कळायचं तर असा जुना आकडा लागतोच. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपचं पाणी तापून प्रवाळ पांढरा पडला, २०२४ मध्येही तसंच झालं. प्रवाळ ज्या कारणाने पांढरा पडतो त्याच कारणाने महाशिंपलाही पडतो. मेच्या दुपारी टाकीत होणाऱ्या आणि आख्ख्या लगूनमध्ये होणाऱ्या घटनेमागचं शास्त्र एकच आहे. फरक असा, की लगूनला चिलर लावता येत नाही.

हे सगळं वाचून कुणाला शौक सोडावासा वाटेल, तर तशी गरज नाही. खाऱ्या पाण्याची टाकी नंदुरबारलाही नीट चालू शकते. तिची सुरुवात फक्त महाशिंपल्यापासून करायची नाही. वर्षभर फक्त क्लाउनफिशची एक जोडी सांभाळावी. तीही समुद्रातून पकडलेली नको, पैदास केंद्रातली हवी. क्लाउनफिशची पैदास आता भारतात होते. नवी मुंबईतल्या ऐरोलीला राज्य सरकारच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने समुद्री शोभेच्या माशांचं पैदास केंद्र उभं केलं आहे आणि केंद्र सरकारच्या मत्स्यसंस्थाही यात बरीच वर्षं काम करत आहेत. त्या वर्षात क्षारता, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे आकडे वहीत उतरवावेत. वही मार्चपासून जुलैपर्यंत सरळ चालली, म्हणजे उन्हाळाही सांभाळला गेला आणि पावसाळ्याची दमट हवा सुरू झाल्यावर पंख्याचा जोर ओसरला तोही काळ निभावला, तर टाकी पुढच्या जिवाला तयार आहे असं म्हणता येईल. त्यानंतर मऊ प्रवाळाचा विचार करावा, आणि तोही त्याची जात कायद्याच्या यादीत नाही ना हे पाहून. महाशिंपल्याचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि आयातीचे कागद हातात असतील तरच.